न सुकलेला ट्रे

१

कुलूप काढलं की वीस मिनिटं आत पाऊल टाकायचं नाही, हा धम्मप्रियाचा पहिला नियम होता. दार सताड उघडायचं, उंबऱ्यात टेबलफॅन बाहेर तोंड करून लावायचा आणि बाहेरच्या बाकावर बसून मास्कचे पट्टे आवळायचे. मग चष्मा, मग रबरी ॲप्रन, आणि शेवटी हातमोजे. एकावर एक दोन जोड.

समोरच्या खुर्चीत बसून चनबसप्पा हे सगळं पान चघळत बघत होते. स्टुडिओ त्यांचा. शुक्रवार पेठेतल्या निम्म्या लग्नांचे फोटो त्यांनी काढलेले.

"चंद्रावर निघालीस व्हय गं पोरी?"

"चंद्रावर बरं, काका. तिथं तुमचं ॲसिड तरी नसतं."

"तुझा बाप सव्वीस वर्षं नुसत्या बनियनवर काम केला की ह्याच खोलीत."

"म्हणूनच," धम्मप्रिया म्हणाली. चनबसप्पांनी पानाची पिंक टाकायला मान वळवली आणि बराच वेळ तिकडेच ठेवली.

तिचे वडील, धर्मपाल, या डार्करूममध्ये प्रिंट काढायचे. समोर गिऱ्हाइकांना हसा म्हणणारे चनबसप्पा सगळ्या पेठेला माहीत होते, आतल्या अंधारात ते हसू कागदावर आणणारा माणूस कुणाला माहीत नव्हता. आठ वर्षांपूर्वी ते आतच कोसळले, तेव्हापासून खोलीला कुलूप होतं. आणि बुधवार पेठेतल्या घरी खिडकीपाशी, नाकात नळी घालून, ऑक्सिजनच्या मशीनशेजारी ते बसून होते.

धम्मप्रिया फेब्रुवारीत ग्लासगोहून परतली. काम माणसाचं शरीर कसं खातं आणि ते कसं रोखायचं, हे ती तिथं दोन वर्षं शिकली होती. कुणीही कामापायी आपला श्वास देऊन बसू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं, आणि ते ती भेटेल त्याला सांगायची. चनबसप्पांच्या मुलानं, बसूनं, अकलूजहून फोनवरच ही जागा एका शिकवणीवाल्याला दिली. पुढच्या सोमवारपासून चाळीस पोरं इथं बसणार आणि त्याआधी आतल्या बाटल्या मोरीत ओतून टाकायच्या ठरल्या आहेत, हे तिच्या कानावर आलं. ती तशीच उठून आली. "थेंबसुद्धा गटारात जाणार नाही," तिनं सांगितलं. असला माल नेण्याचा परवाना असलेली गाडी पुण्याहून शुक्रवारी दुपारी यायची होती. आज सोमवार.

वीस मिनिटं झाली. ती आत गेली.

आठ बाय दहाची खोली. भिंतींना काळा रंग. खिडकी विटांनी बुजवलेली. सिमेंटच्या ओट्यावर ओळीनं तीन ट्रे. तिसऱ्यात फोटो पक्का करायचा हायपो सुकून त्याचे मिठासारखे खडे झाले होते. दुसऱ्यात ॲसिडच्या पाण्याची फक्त पिवळी कड उरली होती.

पहिला ट्रे दोन बोटं भरलेला होता. आणि त्यातलं पाणी स्वच्छ होतं.

२

एप्रिलच्या सोलापुरात तांब्यातलं पाणी चार दिवस टिकत नाही. इथं आठ उन्हाळे गेले होते.

पावसाचं गळलं असेल, असं म्हणून तिनं वर पाहिलं. स्लॅब कोरडा खडखडीत होता. तिनं कागदाची तपासपट्टी बुडवली. ती निळी झाली, म्हणजे साधं पाणी नव्हतं. मग तिनं ओट्याखालच्या डब्यातून फोटोच्या जुन्या कागदाचा तुकडा फाडला, दाराच्या उजेडात धरला आणि चिमट्यानं ट्रेमध्ये सोडला. मनात वीसही अंक झाले नसतील, कागद काळाकुट्ट झाला.

म्हणजे डेव्हलपर, कागदावर चित्र उमटवणारं औषध. आणि ताजा. हवेला लागलेला डेव्हलपर एका दिवसात चहासारखा होतो, आठवड्यात काळा. हा तासाभरापूर्वी कालवल्यासारखा होता.

"काका, आत कोण येतं?"

"कोन येनार? किल्ली माझ्या करगोट्याला हाय." चनबसप्पांनी सदरा वर करून दाखवली. "आठ वर्षांत मी बी गेलो न्हाय."

"मग डेव्हलपर कुणी घातला?"

त्यांनी पानाचा डबा उघडला, मिटला, परत उघडला.

तिनं वहीत लिहिलं, पहिला ट्रे, अंदाजे दोन लिटर, कारण अज्ञात. 'अज्ञात' हा शब्द तिला आवडत नसे. अज्ञात म्हणजे अजून नीट न शोधलेलं, असं तिच्या ग्लासगोच्या बाई म्हणायच्या.

संध्याकाळी घरी गेली तर धर्मपाल नेहमीसारखे खिडकीशी होते आणि त्यांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर नेहमीसारखा हलत होता. मनगट किंचित वर, किंचित खाली. डॉक्टर त्याला कंप म्हणायचे. मीनाबाई, तिची आई, वेगळंच म्हणायची.

"पाळना हलवत्यात तुजे पप्पा. आठ वर्षं झाली, पोरगं काय झोपंना."

धर्मपाल हसले. बोटांची नखं तपकिरी होती, इतक्या वर्षांनंतरही. हात हलतच राहिला, झोपेतही हलायचा.

३

मंगळवारी बाटल्यांचं काम. प्रत्येक बाटली उजेडात धरायची, चिठ्ठी वाचायची, चिठ्ठी नसेल तर तिला अनोळखी म्हणून वेगळं ठेवायचं. सरबताच्या बाटलीत ॲसिड निघालं. बिस्किटांच्या डब्यात नारिंगी खडे निघाले, ज्यांची धूळ छातीत गेली तर वर्षानुवर्षांनी कॅन्सर होऊन उठते. त्या डब्याच्या शेजारीच एक खिळा होता. "त्याला काय अडकवायचे?" तिनं दारातून विचारलं.

"धर्मपालचा जेवनाचा डबा," चनबसप्पा म्हणाले. "आत गार असायचं. जेवायचा तितंच, दुपारी आडवा व्हायचा बी तितंच."

रागात तिचा हात हिसकला आणि सरबताच्या बाटलीतलं थोडं ॲसिड ओट्यावर सांडलं. तिनं लगेच सोडा टाकला. फेस आला, बसला. घड्याळात साडेअकरा वाजले होते.

फेसाची चरचर थांबली तेव्हा मागे दुसरा आवाज चालू होता.

छप्. मग थोडी शांतता. छप्.

ट्रेची कड उचलून सोडली की पाणी असंच या टोकाकडून त्या टोकाला जाऊन आपटतं. ती वळली. आवाज थांबला. पहिल्या ट्रेमधलं पाणी मात्र अजून डुचमळत होतं.

बाहेरून रिक्षा गेली असेल. पेठेची गल्ली अरुंद, ओटा जुना, धक्का बसतोच. तिनं स्वतःला हे दोनदा समजावलं. मग वाट बघितली. दोन रिक्षा गेल्या, एक पाण्याचा टँकर गेला. पाणी जागचं हललं नाही.

दुपारी मीनाबाईचा फोन आला. "आज तुज्या पप्पांचं नवलच. चिच्चेचं सार केलंवतं, तर म्हनले, ॲसिड कुनी सांडलं? अगं, वास येत न्हाय ह्यांना, किती वर्षं झाली."

"किती वाजता म्हणाले?"

"घड्याळ बघून स्वयंपाक करती व्हय मी? पानी यायच्या आधी. साडेअकरा असतील."

४

बुधवारी सकाळी तिनं ठरवलं की बाकी सगळं राहू दे, आधी पहिला ट्रे रिकामा करायचा. चनबसप्पांना तसं सांगितलं तर त्यांनी पहिल्यांदाच तिच्या हाताला धरलं.

"यव्वा, त्यो तेवढा राहू दे."

"का?"

"बस हितं." ती बसली. चनबसप्पांनी पान थुंकलं, नवं लावलं नाही. "आत धूर बाहेर काढायचा पंखा होता. त्याच्या भोकातनं उजेड यायचा, कागद खराब व्हायचे. मी पुठ्ठा ठोकला त्याच्यावर. धर्मपाल म्हनला, मालक, दम लागतोय. मी म्हनलो, एवढा लग्नाचा मोसम जाऊ दे. असे लई मोसम गेले."

यासाठीच धम्मप्रिया शिकली होती, हेच ऐकायला, आणि आता ऐकताना ती मास्कचा पट्टा बोटाला गुंडाळत राहिली.

"त्यो पडला, रिक्षात घातलो, दवाखान्यात पोचवलो. संध्याकाळी परत आलो. लाल दिवा चालूच राहिलेला. बंद करायला दार लोटलो तर आतून आवाज. छप् छप्. माझ्या हातानं रिक्षात बसवलेला मानूस की गं त्यो! मी दिवा बंद केलो न्हाय. कुलूपच घातलो."

"काका, वाफांनी डोकं भणभणतं. आवाज ऐकू येतात. हे पुस्तकात आहे."

"आसंल की," चनबसप्पा म्हणाले. "पुस्तकात आसंल."

ती आत गेली. मापट्यानं ट्रेमधलं पाणी काढून पिंपात ओतलं. एक मापटं. दुसरं. तिसरं भरताना खिशात फोन थरथरला.

"प्रिया, लवकर ये!" मीनाबाईच्या मागे मशीन टीं टीं करत होतं. "बोटाच्या चिमट्यावर ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी दाखवतंय. आता पंच्याऐंशी. श्वासच घेईनात गं!"

ती मापटं हातात धरून उभी राहिली. मग तिनं ते परत ट्रेमध्ये ओतलं. का, ते तिला सांगता आलं नसतं. तिच्या बाईंना तर नक्कीच नाही.

"नव्वद," फोनमधून आई म्हणाली. "ब्याण्णव. बया, बया. आलं जाग्यावर."

५

गुरुवारी ट्रे पुन्हा दोन बोटं भरलेला होता. आदल्या दिवशीची दोन मापटी पिंपात होतीच, आणि तपकिरी पडली होती. ट्रेमधलं स्वच्छ होतं.

एखाद्या गोष्टीवर विश्वास नसेल तर ती मोजायची. धम्मप्रियानं मोजायचं ठरवलं. तिनं दार लोटून घेतलं, जळून गेलेल्या लाल दिव्याच्या जागी नवा लावला, फोन मोठ्या आवाजावर टाकून फळीवर ठेवला.

"आई, पप्पांचा हात बघ. वर गेला की 'हां' म्हण."

"खुळी हायस का तू? भाजी चुलीवर हाय माजी."

"आई. म्हण."

लाल अंधारात ती ट्रेकडे बघत राहिली. थोडा वेळ काही नाही. मग ट्रेची जवळची कड अगदी किंचित, केसाएवढी, वर आली.

"हां," आई म्हणाली.

छप्.

"हां."

छप्.

बारा वेळा. एकदाही चुकलं नाही. धम्मप्रियाच्या मास्कमध्ये तिचाच श्वास मोठ्यानं वाजत होता. तिनं पुढे वाकून पाहिलं. कडेजवळ पाण्यात चार खळगे होते, ओळीनं, बोट बुडवल्यावर पाणी बोटाभोवती जसं चिकटून वर येतं तसे. मधे काही नव्हतं. चौथा खळगा इतरांपेक्षा जरा लांब आणि तिरका होता. धर्मपालांची करंगळी लहानपणी दारात चेमटून वाकडी झाली होती.

तिनं हातमोज्यातल्या हातानं ट्रे दाबून धरला. घट्ट.

"हां," म्हणायला आईनं तोंड उघडलं असावं. पण आवाज आला तो वेगळा. "अहो! अहो, काय झालं? प्रिया, हात थांबला गं. तोंड बघ कसं निळं..."

तिनं ट्रे सोडला.

संध्याकाळी ती वडिलांच्या पायाशी बसली. मीनाबाई नळावर गेली होती.

"पप्पा, तिथलं काम संपवायचं कसं?"

धर्मपालांनी नाकातली नळी सारखी केली. त्यांना एका दमात तीन-चार शब्दच बोलता यायचे.

"तुजा आजा मिलमदी होता," ते म्हणाले. श्वास घेतला. "पाळी संपली तरी, बदली मानूस आल्याबिगर... साचा सोडायचा न्हाय. चालतं मशीन... तसंच टाकून जायचं न्हाय."

"आणि बदली आलाच नाही तर?"

ते हसले. हात हलत होता. "हुबं राहायचं की."

६

शुक्रवारी गाडी एक वाजता गल्लीच्या तोंडाशी लागली. दोन माणसांनी पिंपं नेली, बाटल्या नेल्या, नारिंगी खड्यांचा डबा दोन पिशव्यांत बांधून नेला. धम्मप्रियानं प्रत्येक चिठ्ठी तपासली. सही केली. खोली जवळजवळ मोकळी झाली.

"म्याडम, त्यो एक ट्रे राहिला," गाडीवाला दारातून म्हणाला. "तेवढा दिला की निघतो. सात रस्त्याला जेवायचंय, लई भूक लागलीया."

"दहा मिनिटं."

"ट्रे ओतायला दहा मिनिटं?"

"मी म्हटलं ना, दहा मिनिटं."

तिनं दार आतून लावलं. सोमवारी इथं चाळीस पोरं बसणार होती. ट्रे इथं राहू देणं म्हणजे जे तिच्या वडिलांचं केलं तेच चाळीस जणांचं करणं. आणि ट्रे ओतणं म्हणजे काय, तेही तिला आता माहीत होतं. तिसरा रस्ता तिला रात्रभर दिसत होता आणि रात्रभर ती त्याला वेडेपणा म्हणत होती. आधी आपण बदली व्हायचं, पप्पांना मोकळं करायचं. मग आपला हात काढायचा आणि ट्रे ओतायचा. आपल्याला काय धरून ठेवणार आहे? आपण तर धडधाकट आहोत.

तिनं आईला फोन लावून फळीवर ठेवला. "पप्पांकडे बघत राहा. काही झालं तर सांग."

लाल उजेडात खळगे दिसत होते. तिनं ट्रेची कड धरली. ओल्या ट्रेवर ओला रबर. हात निसटला, पाणी कडेवरून सांडलं, फोनमधून खोकला आला. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. दोन जोड हातमोज्यांतून तिला त्या हालचालीचा काही पत्ताच लागेना.

बाहेर गाडीवाल्यानं हॉर्न दिला.

तिनं उजव्या हाताचे दोन्ही मोजे ओढून काढले आणि उघडी बोटं पाण्यात घातली, खळग्यांच्या शेजारी.

पाणी कोमट होतं. साबणासारखं बुळबुळीत. मनगट आपोआप उचललं गेलं. एक, दोन, तीन, वर. एक, दोन, तीन, खाली. शेजारचे खळगे थोडा वेळ तिच्याबरोबर चालले, जसा सायकल शिकवणारा माणूस सीट धरून चालतो. मग करंगळीचा पुसट झाला. मग बाकीचे.

"अगं," फोनमधून मीनाबाईचा आवाज आला, अगदी हळू. "हात थांबला बघ."

"आणि श्वास?" तिनं विचारलं. विचारताना मोजणं चुकलं, पाणी उलटं आदळलं, आणि तिकडे धर्मपालांना उचकी लागल्यासारखा आवाज झाला. तिनं ओठ मिटले. एक, दोन, तीन, वर.

"चाललाय. नीट चाललाय. सत्त्याण्णव दाखवतंय गं! काय म्हनता? ...च्या मागत्यात, प्रिया. आपल्या आपन उठून हुबे राहिले." मीनाबाई रडत होती की हसत, कळत नव्हतं.

धम्मप्रियाच्या डोळ्यांतून पाणी आलं. चष्म्याच्या आत ते पुसता येईना. झालं, तिनं मनात म्हटलं. आता हात काढायचा.

७

दाराची कडी वाजली. धम्मप्रिया हलली नव्हती. दार मात्र उघडलं, कुणीतरी बाहेर गेल्यासारखी उजेडाची उभी फट आली आणि गेली.

बाहेर चनबसप्पा म्हणाले, "झालं का यव्वा?" आणि थोड्या वेळानं, गाडीवाल्याला, "जावा तुमी. झालं म्हनली."

"ट्रेचं काय?"

"ऱ्हाऊ दे म्हनली. दमली दिसती. वर मान करून बघितली बी न्हाय."

कुणाबद्दल बोलतायत, धम्मप्रियाला वाटलं. काका, मी आत आहे. पण तीनवर हात वर न्यायचा होता. आधी तो नेला. मग खाली. मग हाक मारायची राहिली.

गाडी चालू झाली, लांब गेली. कडीत कुलूप अडकल्याचा आवाज झाला. घशात काहीतरी चुरचुरू लागलं होतं. पंख्याच्या भोकावर पुठ्ठा तसाच होता, तो काढायचा आपण ठरवलं होतं, हे तिला आठवलं.

फोन चालू होता. त्यात कप वाजले. धर्मपाल लांबलचक वाक्य बोलले, मधे न थांबता. किती वेळ गेला तिला मोजता आलं नाही. तिचे आकडे तीनच्या पुढे जात नव्हते. मग तिकडे घराचं दार वाजलं.

"आली बघा तुमची ल्येक," मीनाबाई म्हणाली. "ये गं. चप्पल काढ की आधी. अशी काय बघतीस? जेवलीस का?" थोडं थांबून, "प्रिया?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला, खिडकीजवळची. कुणीतरी बसलं.

"पन तू तर फोनवर..." मीनाबाईचा आवाज जवळ आला. फोन उचलला गेला असावा. आता तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. "ह्यालो? कोन हाय? कोन बोलतंय तिकडनं?"

धम्मप्रियानं तोंड उघडलं. आईच्या मागे पप्पा चहा फुंकत होते, खोल, भरपूर श्वासानं, जसे ते तिच्या लहानपणी फुंकायचे.

एक, दोन, तीन.

ती बोलली नाही.